चाळणीताई आणि नकाशातला एकरंगी कोपरा

चाळणीताईंना कुणी सांगितलं की आज सोमवार आहे, तर त्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात. मग ते कॅलेंडर याच वर्षीचं आहे ना, तेही बघतात. मग म्हणतात, "बरं. असेल."

हे नाव त्यांना ऑफिसनं दिलं. माती चाळायची जाळी असते ना, तशाच त्या. काहीही समोर आलं की चाळल्याशिवाय पुढे जाऊच देत नाहीत. तोंडावर सगळे नुसतं ताई म्हणतात, पाठ वळली की पूर्ण नाव घेतात. आणि ताईंना हे माहीत आहे, कारण त्यांना सगळंच माहीत असतं. निदान त्यांना तसं वाटतं.

काम काय, तर अख्ख्या देशाच्या मातीत कुठले कुठले सूक्ष्मजीव राहतात त्याचा एक मोठा नकाशा करायचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची शिरगणतीच म्हणा ना! त्यासाठी देशभर चौकोन आखलेत आणि जागोजागच्या लहान केंद्रांना ते वाटून दिलेत. केंद्रातल्या माणसानं आपल्या चौकोनात जायचं, गिरमिटानं वीतभर खोल माती काढायची, त्यातली चिमूटभर औषधाच्या पाण्यात घालून नळी बंद करायची आणि बर्फाच्या पेटीतून मुख्य प्रयोगशाळेत पाठवायची. तिथलं यंत्र सांगतं, या मातीत कोण कोण राहतं. ऐकायला किती सोपं! पण कुणाचा बर्फ वितळतो, कुणाची गाडी बंद पडते, कुणाच्या साहेबांचं दुसऱ्या केंद्राच्या साहेबांशी वाकडं असतं, कुणी उगाचच रुसून बसतं. या सगळ्यांना एका दोरीत बांधणारं एक माणूस लागतं. ते म्हणजे ताई. हुद्दा समन्वयक, खोली जिन्याखाली, शेजारी शीतगृह, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही खांद्यावर स्वेटर आणि कानाला फोन.

आता संशयी त्या आधीपासूनच होत्या, पण ते डोक्यात जायला एक निमित्त झालं. प्रकल्प नवा होता तेव्हा एका केंद्रानं पाठवलेल्या मातीत ताईंना पांढरे हलके दाणे दिसले. बाकी कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. ताई खनपटीलाच बसल्या, आणि शेवटी कळलं की त्या पठ्ठ्यानं रोपवाटिकेतून कुंडीत घालायची माती आणली होती आणि तीच डोंगरावरची म्हणून पाठवली होती! भर बैठकीत टाळ्या पडल्या ताईंसाठी. बस्स. त्या दिवसापासून प्रत्येक नळीत त्यांना कुंडी दिसायला लागली.

घरी तर विचारूच नका. नवऱ्यानं भाजी आणली की "कुठून आणली?", ताजी आहे म्हणाला की "कोण म्हणालं?" एकदा लेक चिडून म्हणाली, "आई, तू माझ्या मैत्रिणीला फोन करून विचारलंस, मी खरंच तिच्याकडे होते का ते?"

"विचारलं."

"मग? ती हो म्हणाली ना?"

"म्हणाली," ताई कांदा चिरत म्हणाल्या. "जरा पटकनच म्हणाली."

नवरा पेपराआडून हसला आणि ताईंनी लगेच त्याच्याकडे बघितलं. हा का हसला?

तर अशा या ताई. आणि अशा माणसाच्या समोर एके सकाळी रंगपट्टीनं नकाशा उघडला.

रंगपट्टी म्हणजे यंत्रातून आलेल्या आकड्यांचे रंगीत पट्टे करणारी मुलगी. एका चौकोनाचा एक पट्टा, एकेका जिवाला एकेक रंग. केस कायम पेन्सिलीनं बांधलेले, तोंडात कायम बिस्किट. म्हणाली, "ताई, जरा हे बघता का? मला काहीतरी विचित्र वाटतंय."

विचित्र हा शब्द ऐकल्यावर ताई बसलेल्या खुर्चीतून उठल्याच.

पडद्यावर देशभरचे पट्टे होते. एक हिरवट, एक जांभळा, शेजारचे दोन जवळपास सारखे पण तरी वेगळे. माणसांच्या तोंडवळ्यासारखं. आणि एका कोपऱ्यात, कोरड्या माळरानाच्या बाजूला, सात-आठ चौकोन असे की जणू एकाच कापडाचे तुकडे! तेच निळे, तेच पिवळे, अगदी तेवढेच जाड.

"हे कुणाचे?"

"गिरमिटकाकांचे."

ताईंच्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, किंचाळलीच.

"आणि अजून एक," रंगपट्टी म्हणाली, "हे जे निळे आहेत ना, ते मातीत एवढे नसतात. साठवलेल्या पाण्यात असतात. टाकी, हौद, असल्या ठिकाणी."

"म्हणजे हौदाजवळची माती."

"असं मी म्हटलं नाही हं ताई."

"तू म्हणायची गरजच नाही." ताईंच्या डोळ्यांसमोर सगळं चित्र उभं राहिलं होतं. घराचं अंगण, अंगणात हौद, हौदाशेजारी खुर्ची टाकून बसलेले गिरमिटकाका, आणि एकाच खड्ड्यातून भरलेल्या सगळ्या नळ्या. कुठला माळ आणि कुठलं काय!

गिरमिटकाकांना ताईंनी कधी बघितलं नव्हतं. ताई सगळ्यांना आवाजावरूनच ओळखतात. गिरमिटकाका म्हणजे एक शांत, किंचित घोगरा आवाज, जो चौकोनात निघायच्या दिवशी सकाळी फोन करून म्हणतो, "निघतोय ताई." आणि आता ताईंना एकदम आठवलं. त्या फोनच्या मागे नेहमी पंपाची घरघर असते! नेहमी! निघतोय म्हणणाऱ्या माणसाच्या मागे दर वेळी पंप कसा? निघालेला माणूस रस्त्यावर असतो, रस्त्यावर कधी पंप वाजतो?

"पण ताई, ते फोटो पाठवतात की," रंगपट्टी म्हणाली. "जागेचे. त्यावर ठिकाणाची खूणही असते."

ताईंनी फोटो काढले. माळ, खड्डा, खड्ड्याशेजारी नीट ठेवलेलं गिरमिट. दुसरा फोटो, वेगळा माळ, गिरमिट तसंच.

"बघितलंस?"

"काय?"

"किती चांगले आहेत!"

"मग?"

"खरं काम करणाऱ्याचे फोटो इतके चांगले येतात का कधी? वाकडे येतात, बोट मधे येतं. यानं ड्रायव्हरला फिरवलंय कॅमेरा घेऊन आणि स्वतः बसलाय घरी."

रंगपट्टीनं हात टेकले आणि दुसरं बिस्किट घेतलं.

ताई तडक साहेबांकडे. संचालक साहेब माणूस भला, पण कायम घाईत, एक पाय केबिनच्या बाहेरच असतो त्यांचा. महिनाअखेरीला सगळ्या केंद्रांच्या प्रमुखांसमोर नकाशा मांडायचा होता, त्यामुळे आणखीच पळापळ. त्यांनी पट्टे बघितले आणि कपाळावर आठ्या आल्या.

"खात्री आहे?"

"मला वास येतो साहेब अशा गोष्टींचा."

"मग काढून टाकू त्यांना. आणि सगळ्या केंद्रांना का काढलं तेही कळवू, म्हणजे बाकीचे सरळ राहतील."

म्हणजे काय ते ताईंना कळत होतं. एकदा असं पत्र फिरलं की त्या माणसाला परत कुठलंच केंद्र दारात उभं करणार नाही. गिरमिटकाका तरुणपणापासून हेच काम करत आलेत, दुसरं काही येत नाही त्यांना. पण ताईंना कीव आली नाही. खोटी माती म्हणजे खोटी माती!

"पत्र तयार ठेवा," त्या म्हणाल्या, "पण मी आधी जाऊन रंगेहाथ पकडते. न सांगता. नाहीतर म्हणतील ताईंनी घरबसल्या आळ घेतला."

साहेब म्हणाले, "या आठवड्यात काय ते सांगा. मग मी सही करतो."

प्रवास लांबचा. आधी दोन्ही बाजूंना झाडं, मग झुडपं, मग नुसतं गवत, मग तेही नाही. ड्रायव्हरनं रस्त्यात गाणी लावली तर ताई म्हणाल्या बंद करा, मला विचार करायचाय. विचार कसला, त्या गिरमिटकाकांना विचारायचे प्रश्न घोटत होत्या, आणि प्रत्येक प्रश्नाला तो काय थाप मारेल तेही.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या, एकीत काम, एकीत गिरमिटकाकांचं घर. मागे हौद. हौदावर पंप. ताईंनी गाडीतूनच तो बघितला आणि म्हणाल्या, "आहे! हौद आहे!" ड्रायव्हर म्हणाला, "इथे पाण्यासाठी हौद असणारच की ताई." ताईंनी त्याच्याकडे असं बघितलं जणू तोही सामील आहे.

गिरमिटकाका बाहेर आले. ताईंना वाटलं होतं कुणीतरी पोट सुटलेला, डोळे चुकवणारा माणूस असेल. हे तर काडीसारखे बारीक, ताठ, इस्त्रीचा शर्ट, उन्हानं रापलेला चेहरा. आणि ताईंना बघून इतका आनंद झाला त्यांना, की ताईंनी एक पाऊल मागेच घेतलं.

"ताई? तुम्ही? अहो आवाजावरून मला वाटायचं तुम्ही चांगल्या उंच असाल!"

"सहज आले," ताई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, इस्त्री? माळावर खड्डे काढणाऱ्याला इस्त्री कशाला लागते?

चहा आला. ताईंनी तो निवेपर्यंत हातात धरला. मग एकदम म्हणाल्या, "उरलेली माती बघायचीय. प्रत्येक चौकोनाची."

नियमच होता तसा, नळीत चिमूटभर जाते, बाकीची पिशवीत भरून केंद्रात ठेवायची. गिरमिटकाकांनी कपाट उघडलं. पिशव्या ओळीनं लावलेल्या. ताईंनी एकेक उघडली. पहिली लाल. दुसरी राखाडी, हाताला पिठासारखी. तिसरी पिवळट, खडे असलेली. चौथी काळी.

एका अंगणात इतक्या प्रकारची माती असू शकत नाही हे ताईंनासुद्धा कळलं. क्षणभर त्या गडबडल्याच. पण हार मानतील तर त्या ताई कसल्या! लगेच दुसरं सुचलं. पिशव्या खऱ्या, नळ्या खोट्या! दाखवायला माती आणलीय आणि नळीत भलतंच भरलंय. नळीत औषधाच्या पाण्यात सगळ्याच मातीचा चिखल होतो, रंगाचा पत्ताच लागत नाही. हुशार आहे हा माणूस!

"उद्या मी तुमच्याबरोबर येते," त्या म्हणाल्या. "कुठल्याही चौकोनात. कुठला ते मी सांगणार."

"या की! मला सोबतच होईल." मग जरा थांबून गिरमिटकाका म्हणाले, "ताई, काही झालंय का?"

"का? काही व्हायला हवं होतं का?"

त्यांनी कपाट परत लावून घेतलं.

सकाळी ताई तयार होऊन बाहेर आल्या तर पंपाची घरघर. गिरमिटकाका हौदाशी उभे राहून एक मोठा प्लास्टिकचा कॅन भरत होते आणि दुसऱ्या हातानं फोन खिशात ठेवत होते. "सवयीनं तुम्हालाच लावत होतो," ते हसून म्हणाले, "मग आठवलं तुम्ही इथेच आहात." ताईंना हसू आलं नाही. पंपाचं कोडं इतकं सरळ सुटावं हे त्यांना पटेना.

केंद्राच्या जीपमध्ये गिरमिट, नळ्या, बर्फाची पेटी, तो कॅन. ताईंनी सगळ्या नळ्या स्वतः मोजून घेतल्या, रिकाम्या आहेत ना ते उजेडात धरून बघितलं. चौकोन त्यांनी निवडला, तो सगळ्यात लांबचा. गिरमिटकाका "चला" म्हणाले. पोचल्यावर सरळ चालत गेले, एका सपाट जागी थांबले, हात धुतले, स्पिरिट लावून पुसले, गिरमिट स्पिरिटनं पुसून ज्योतीवर धरलं. एकेक गोष्ट नियमाप्रमाणे. इतकी नियमाप्रमाणे की ताईंना घाम फुटला. हा मनुष्य चुकत का नाहीये?

मग गिरमिटकाकांनी कॅनचं झाकण उघडलं आणि त्या जागेवर हळूच, जपून, रोपाला घालावं तसं पाणी ओतलं.

ताई बघतच राहिल्या.

"हे काय करताय?"

"पाणी घालतोय ताई. जरा मुरू दे. मग जाईल गिरमिट."

"पाणी? कशाला?"

"अहो दगड आहे हा!" त्यांनी टाच आपटून दाखवली, खण्णकन वाजलं. "पाऊस नाही, काही नाही. कोरड्यात गिरमिट इंचभरसुद्धा जात नाही. कुदळीनं काढू नका, थर मिसळतात, असं तुम्हीच लिहिलंय. मग भिजवायची आणि काढायची."

"प्रत्येक ठिकाणी?"

"प्रत्येक ठिकाणी. आणि मी रस्त्यातलं घाण पाणी वापरत नाही हं," ते थोड्या अभिमानानंच म्हणाले. "घरून भरून आणतो."

ताईंनी कॅन हातात घेतला. आत बघितलं. तळाशी, कडांना, बुळबुळीत हिरवट थर. वर्षानुवर्षांचा.

कोरड्या मातीत मुळात जीव थोडे. त्यावर या कॅनमधलं पाणी पडलं की नळीत कोण जाणार? तो लाल माळ, तो काळा, तो पिवळा, सगळ्यांच्या पट्ट्यात हा एक कॅन! देशाच्या नकाशाचा अख्खा कोपरा म्हणजे गिरमिटकाकांचा कॅन!

ताई जीपच्या पायरीवर बसल्या. माणूस खरा होता. आणि माती वाया गेली होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"पण विचारायचं तरी एकदा!" त्या ओरडल्या. "असं पाणी घालायच्या आधी मला विचारायचं!"

"विचारलं होतं ताई."

"कधी?"

"पहिल्याच वेळेला. म्हटलं जमीन फार कडक आहे, काय करू? तुम्ही म्हणालात, मला कारणं नकोत, नळ्या पाठवा."

ताईंना आठवत नव्हतं. हे खोटं बोलतायत का, असं पण क्षणभर मनात आलं, खरंच आलं. पण वाक्य त्यांचंच होतं. दिवसातून कितीदा तरी म्हणतात त्या ते.

नियम त्यांनीच लिहिले होते. दुसरीकडची माती भरू नका. नळ्या अदलाबदल करू नका. खोटी वेळ टाकू नका. फोटोशिवाय नळी घेतली जाणार नाही. एक कुदळीचा सोडला तर सगळे नियम चोरांसाठी. जमीन कडक निघाली तर काय करायचं, याच्यावर एक ओळ नाही!

आणि मग एकदम दुसरी शंका आली. कडक जमीन काय इथेच आहे?

फोनला रेंज मिळायला टेकाडावर चढावं लागलं. ताईंनी कोरड्या भागातल्या दुसऱ्या एका केंद्राला फोन लावला. तिथली बाई सावध आवाजात म्हणाली, "ताई, नळ्या कालच पाठवल्यात, खरंच पाठवल्यात."

"नळ्यांचं नाही विचारत. जमीन कडक असली की तुम्ही काय करता?"



"का विचारताय?"

"मी रागावणार नाही."

ताईंनी असं म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसणार!

"थोडं पाणी शिंपडतो," ती शेवटी म्हणाली. "जवळ जे मिळेल ते. ओढा, डबकं, नळ. चालतं ना?"

पुढच्या केंद्रातही तेच. त्याच्या पुढच्यात नाही, तिथली जमीन मऊ. पण त्याच्यानंतर परत तेच. फरक एवढाच की ते ज्या जागी जातील तिथलं पाणी घ्यायचे, म्हणून त्यांचे पट्टे वेगवेगळे दिसले आणि कुणाला शंका आली नाही. गिरमिटकाका स्वच्छतेचे भोक्ते, एकच कॅन जपून वापरला, म्हणून पकडले गेले!

ताईंनी साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. साहेब एकदम भडकले.

"म्हणजे किती केंद्रं?"

"कोरड्या भागातली बरीच."

"ताई, महिनाअखेरीला नकाशा मांडायचाय! आता कोरा कोपरा दाखवू का मी? बरं, बाकीच्यांचं नंतर बघू, तुमच्या त्या गिरमिटकाकांचे नमुने खराब आहेत हे तर नक्की ना? मग पत्र जाऊ दे. निदान आपण काहीतरी केलं असं दिसेल."

"नाही साहेब."

"तुम्हीच तर म्हणालात वास येतो!"

"चुकीचा आला." हे शब्द तोंडातून काढताना ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील. "ते प्रत्येक चौकोनात गेलेत. चूक नियमांची आहे, नियम माझे आहेत. मी इथेच राहून त्यांच्याकडून परत माती काढून घेते, पाण्याशिवाय. पट्टे वेगळे आले तर ते कामावर राहतील, आणि बाकीच्या केंद्रांनाही तशीच पद्धत सांगू."

"आणि नाही आले तर? हमी कोण घेणार?"

चाळणीताईंनी जन्मात कुणाची हमी घेतली नव्हती. लेकीच्या वेळेवर येण्याचीसुद्धा नाही.

"मी घेते," त्या म्हणाल्या.

"पट्टे बघतो. मग ठरवतो," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

वळल्या तर मागे गिरमिटकाका उभे. सगळं ऐकलं होतं त्यांनी. टेकाडावर कुठे लपणार आवाज!

"पत्र कसलं ताई?"

ताईंनी सांगितलं. थाप मारता आली असती, पण सांगितलं. अंगण, हौद, ड्रायव्हरला फिरवलं, सगळं. फोटो चांगले येतात म्हणूनही संशय घेतला, हे ऐकल्यावर गिरमिटकाकांनी मान खाली घातली.

"माझी नात शिकवते मला फोटो काढायला," एवढंच म्हणाले.

मग खाली जाऊन जीपमध्ये बसले. ताई बोलायला गेल्या तर म्हणाले, "तुम्ही राहताय ते मला मदत करायला की माझ्यावर नजर ठेवायला?"

"मदत करायला."

"असेल," गिरमिटकाका म्हणाले.

त्या एका शब्दानं ताईंना इतकं लागलं ना! रोज त्या स्वतः तो शब्द किती जणांच्या तोंडावर फेकतात.

घरी फोन केला की आणखी काही दिवस राहावं लागेल, तर नवरा म्हणाला, "कामासाठीच ना गं? की भांडून आलीयस कुणाशी?" ताईंनी फोन कट केला.

पाण्याशिवाय माती काढायची कशी, यावर गिरमिटकाका आणि ताई दोघंही एकमेकांकडे पाठ करून विचार करत बसले. शेवटी गिरमिटकाकांनीच लोहाराकडून लोखंडी नळकांडी आणली, तोंडाला धार करून घेतलेली. ती जमिनीवर उभी धरायची, वरून घण घालायचा. आत मातीचा दांडा अडकतो, तो काठीनं ढकलून काढायचा. धरायचं ताईंनी, मारायचं गिरमिटकाकांनी.

"हलू नका," ते म्हणाले.

"तुम्ही नीट मारा."

"विश्वास नसेल तर सोडा."

ताईंनी डोळे मिटले आणि नळकांडी धरून ठेवली. घण खाली आला. हाताला मुंग्या, दातात झिणझिण्या, पण नळकांडी बोटभर आत गेली. मग परत. प्रत्येक चौकोनात तसंच, प्रत्येक वेळी पुसून, ज्योतीवर धरून. ताईंच्या तळव्यांना फोड आले, गिरमिटकाकांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. ते कामापुरतंच बोलत होते. तो कॅन केंद्राच्या भिंतीशी उपडा पडून होता, त्याच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

तीन चौकोनांच्या नळ्या ड्रायव्हरबरोबर पुढे गेल्या. मग वाट बघणं. हे फार वाईट होतं. ताईंना दर तासाला वाटायचं की आपलं काहीतरी चुकलंय, नळकांडीला जुन्या मातीचा कण राहिला असेल, आपल्याच हाताचं काही गेलं असेल. पहिल्यांदाच त्या दुसऱ्याला सोडून स्वतःलाच चाळत होत्या आणि झोप उडाली होती. पट्टे परत एकसारखे आले तर? साहेब थांबणार नाहीत. आणि हा माणूस जाईल, आपण हमी घेतलेला.

रंगपट्टीचा फोन आला तेव्हा ताई टेकाडावरच होत्या. सकाळपासून तिथेच होत्या खरं तर.

"ताई!" तोंडात बिस्किट होतं तिच्या, कळत होतं. "निळे गेले! जवळजवळ सगळे गेले. आणि तिन्ही पट्टे वेगळे! एकात तर असे जीव आहेत की आपल्याकडे दुसऱ्या कुठल्याच चौकोनात नाहीत!"

"नक्की?"

"नक्की."

"परत बघ."

"परत बघूनच फोन केलाय, मला माहीत नाही का तुम्ही काय म्हणणार!"

"साहेबांनी बघितले?"

"माझ्या शेजारीच उभे आहेत. म्हणतायत पत्र फाडलं, आणि काकांना सांगा उरलेले चौकोन लवकर करायचे."

ताई धावत खाली आल्या. या वयात, त्या उतारावरून! गिरमिटकाका अंगणात नळकांडीला धार लावत बसले होते. त्यांनी वर बघितलं, पण धार लावायचं थांबवलं नाही.

"वेगळे आले!" ताई म्हणाल्या. "काका, तुम्ही कामावर राहिलात!"

गिरमिटकाकांनी नळकांडी खाली ठेवली. त्या चेहऱ्यावर आनंद येतोय असं वाटलं, आणि तो मधेच थांबला.

"साहेब म्हणाले, की तुम्ही म्हणताय?"

"साहेब म्हणाले."

"मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

ताईंच्या ओठावर आलं होतं, माझ्या शब्दावर विश्वास नाही का? पण ते त्यांनी गिळलं. नाहीये, आणि का असावा? त्या त्यांना घेऊन परत टेकाडावर गेल्या, धापा टाकत, साहेबांना फोन लावला आणि तो गिरमिटकाकांच्या हातात देऊन चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या. कान टवकारले नाहीत. म्हणजे प्रयत्न केला.

गिरमिटकाकांनी ऐकलं. "हो साहेब" म्हणाले. मग म्हणाले, "परत एकदा सांगता?" आणि परत ऐकलं. फोन परत देताना त्यांनी तो बाहीनं पुसून दिला.

"अंधार पडायच्या आत दोन चौकोन होतील," ते उतरता उतरता म्हणाले. "तुम्ही धरणार आहात ना?"

"फोड आलेत हाताला."

"बघू."

ताईंनी तळवे पुढे केले. गिरमिटकाकांनी वाकून, नीट, दोन्ही हात उजेडाकडे वळवून बघितले.

"आहेत खरे," ते म्हणाले, आणि जीपमधून जाड हातमोजे काढून त्यांच्या हातात दिले.